वेण्या, लॉक्स आणि वॉर्डातली स्वच्छता

वर एकांनी विचारलंय की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नर्सच्या बारीक वेण्या किंवा लॉक्स (जटांसारखे वळलेले केसांचे पेड) वॉर्डात अस्वच्छ नाहीत का. मला हा प्रश्नच खटकला. संसर्ग टाळायला केस स्वच्छ हवेत, बांधलेले हवेत आणि रुग्णावर वाकून ड्रेसिंग करताना पुढे येता कामा नयेत. एवढंच. डोक्याला चिकटून ओळीने घातलेल्या वेण्या, म्हणजे कॉर्नरोज, तर जागच्या हलतही नाहीत. मोकळ्या सरळ केसांची बट मात्र सारखी मागे सारावी लागते, आणि तोच हात परत रुग्णाला लागतो. मग या नर्सनी टाळू भाजणारी रसायनं लावून आपले कुरळे केस सरळ करायचे ते कशासाठी? 'टापटीप' दिसणं म्हणजे काय, हे दुसऱ्यांच्या केसांवरून ठरलं म्हणून!

कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये क्राउन कायदा केला. केसांचा पोत, वेण्या, लॉक्स, ट्विस्ट (दोन बटांचे पीळ) यांवरून तिथे नोकरीत भेदभाव करता येत नाही. नंतर बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले, सगळ्यांनी नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये केस पूर्ण झाकायचे हा नियम सगळ्यांनाच आहे आणि तो योग्यच आहे. फक्त दाट, लांब लॉक्स मावतील एवढ्या मोठ्या टोप्याही रुग्णालयानेच पुरवायला हव्यात, नेहमीच्या टोप्यांच्या शेजारीच.