अनुभव धागा: मागच्या सीटवर पोर, टोपात पेज

दारात सायकल आहे, घरात दीड ते तीन वर्षांचं पोर आहे आणि जेवण घरचंच हवं, अशा गोव्यातल्या घरांसाठी हा धागा. ऊन चढायच्या आत तासभर बाहेर पडायचं, तर निघताना पोराच्या पोटात काय असावं, त्याला सायकलवर कसं बसवावं आणि परतल्यावर दहा मिनिटांत ताटात काय येईल, हे सगळे प्रश्न एकाच सकाळचे आहेत. म्हणून उत्तरंही एकत्र हवीत. प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं गाव आहे. लिहिताना माप द्या, भांडं सांगा, काय बिघडतं आणि का तेही सांगा. नुसतं 'छान होतं' कुणाच्याच कामाचं नाही.

फोंडा

उकड्या तांदळाची पेज आणि सकाळची सायकल यांचं फार चांगलं जमतं. दोन्हींना तासभर लागतो, आणि त्या तासात गॅस पेटता ठेवावा लागत नाही.

रात्री १ वाटी उकडे तांदूळ धुऊन ३ वाट्या पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून ७ वाट्या ताजं पाणी घाला आणि जाड बुडाच्या टोपात उकळी आणा. झाकण तिरकं ठेवून मध्यम आचेवर १५ मिनिटं रटरटू द्या. दाणा बाहेरून मऊ झाला आणि आत कणी लागली की गॅस बंद करा. झाकण घट्ट बसवून टोप जुन्या गोधडीत गुंडाळा आणि निघा. तासाभराने दाणा फुललेला असतो. मग फक्त एक उकळी द्यायची. टोप पातळ बुडाचा असेल तर उष्णता टिकत नाही आणि कणी तशीच राहते. दोन तासांच्या वर मात्र गुंडाळून ठेवू नका. कोमट भातात जिवाणू वाढतात आणि त्यांतल्या काहींचं विष पुन्हा उकळूनही जात नाही.

कुकरमध्ये करणाऱ्यांनी तो निम्म्याहून जास्त भरू नये. पेजेचा फेस शिट्टीत चढतो आणि शिट्टी चोंदते. उकळीच्या आधी अर्धा चमचा खोबरेल तेल घातलं तर फेस बसतो.

पोराच्या वाटीत नुसती निवळ, म्हणजे पेजेचं वरचं पाणी, घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. ती मला पटत नाही. निवळीने पोट भरतं, पण अंगाला फारसं काही लागत नाही आणि तासाभरात पोर पुन्हा खायला मागतं. दाणे डावाच्या पाठीने चेचा, त्यात एक डाव निवळ, २ चमचे मऊ शिजलेली मुगाची डाळ आणि १ चमचा तूप घाला. मीठ चिमटीच्याही आत. एक ते तीन वर्षांच्या पोराला दिवसभरात सगळं मिळून २ ग्रॅम मीठ भरपूर झालं, म्हणजे चहाच्या चमच्याचा साधारण तिसरा भाग. लोणच्याची फोड किंवा किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) चाखवायला लागलं की ही मर्यादा एका जेवणातच ओलांडली जाते.

ताळगाव

सीटबद्दल सविस्तर लिहितो, कारण दुकानात ती बसवून देतात पण तपासायचं काय हे सांगत नाहीत.

वर्ष पूर्ण व्हायच्या आत कुठल्याच सीटवर नाही. त्यानंतरही पोर आधाराशिवाय नीट बसत असलं पाहिजे आणि हेल्मेटसकट मान सावरत असलं पाहिजे. पुढच्या सीटची मर्यादा बहुधा १५ किलो असते, मागच्या सीटची २२ किलोपर्यंत. सीटवर छापलेला आकडा शेवटचा मानायचा. मागची सीट कॅरियरवर बसत असेल तर कॅरियरवरचा आकडाही वाचा. बरेच कॅरियर २५ किलोचे असतात, आणि पोराच्या वजनात सीटचं ३-४ किलो वजन मिळवायचं असतं. पट्टा पाच ठिकाणी अडकणारा घ्या. तीन ठिकाणच्या पट्ट्यातून दोन वर्षांचं पोर खांदे बाहेर काढतं.

पोराला बसवण्याआधी १० किलो तांदळाची पिशवी सीटवर घट्ट बांधा आणि वाड्यात एक फेरी मारा. वळताना, थांबताना आणि पाय टेकताना वजन कुठे ओढतं ते कळतं. फेरीनंतर नट पुन्हा आवळा. पहिल्या फेरीत ते थोडे ढिले पडतातच.

दोन जागा नीट बघा. एक, आपल्या सीटखालच्या स्प्रिंगा. मागे बसलेल्या पोराची बोटं बरोबर तिथे पोचतात आणि आपण बसलो की चेमटतात. जाड कापड गुंडाळून शिवून टाका किंवा बिनस्प्रिंगची सीट लावा. दुसरी जागा मागच्या चाकाची. पाय आऱ्यांत जाणं ही या वयातली मोठी दुखापत आहे. पावलांचे पट्टे रोज लावायचे, चप्पल नको, बंद बूट हवेत, आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी किंवा प्लॅस्टिकचा पत्रा हवा.

पोर सीटवर असताना सायकल स्टँडवर सोडायची नाही. दोन पायांचा स्टँड असला तरी नाही. एक हात सतत हँडलवर. उतरवताना आधी पोर, मग पिशवी. पाठीवर सॅक घेऊ नका, ती पोराच्या तोंडावर येते. डबा आणि पाणी पुढच्या टोपलीत ठेवा, म्हणजे पुढचं चाकही हलकं पडत नाही.

हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, पट्टे कानाखाली इंग्रजी व्ही अक्षरासारखे जुळलेले, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. मागून फुगीर असलेलं हेल्मेट घेऊ नका. सीटच्या पाठीला टेकून ते पोराचं डोकं पुढे ढकलतं, आणि पोर चिडून ते ओढून काढतं. हट्टी वाटणाऱ्या कितीतरी पोरांचा खरा त्रास हाच असतो.

जुने गोवे

पहिल्या फेऱ्यांसाठी मांडवीतलं दिवाडी बेट. व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेलं की फेरीबोटीचा धक्का. पलीकडे उतरल्यावर खाजन जमिनीतून (बांध घालून राखलेल्या खाऱ्या शेतांतून) पिएदाद गावाकडे जाणारा रस्ता सपाट आहे आणि गाड्या फेरीबोटीगणिक झुंडीने येतात. फेरीबोट रिकामी होऊ द्यायची, सगळी वाहनं पुढे गेली की मागून निघायचं. पुढची झुंड येईपर्यंत रस्ता आपला. रायबंदरहून चोडणला जातानाही असंच करता येतं. पिएदादचा चढ सुरू झाला की उतरून सायकल ढकला. वजन मागे असताना चढावर पुढचं चाक भरकटतं.

धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो आणि फेरीबोटीची लोखंडी फळी ओली असते. पोराला उताराच्या वरच उतरवा. एकाने पोर घ्यायचं, दुसऱ्याने सायकल. एकटे असाल तर पोराला कडेवर बांधायचा झोळा टोपलीत हवाच. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव असतो, त्या दिवशी पोर आणि सायकल घेऊन फेरीबोटीच्या गर्दीत शिरू नका. आणि खाजनाच्या बांधावर, मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ) पोराला मोकळं सोडायचं नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, आणि पाण्याची ओढ तर सगळीकडेच असते.

परतीची वेळ वाऱ्यावर ठरवा. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो आणि पश्चिमेकडे तोंड करून सायकल ओढावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत साडेआठच्या आत घरी. त्या रस्त्यांवर सावली फार थोडी आहे.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. डिसेंबरच्या पहाटे आपल्याला घाम येत असतो तेव्हा मागे न हलता बसलेलं पोर गारठलेलं असतं. आपल्या अंगावरून अंदाज करू नका, थांबून त्याच्या मानेला हात लावून बघा. उन्हाळ्यात उलट होतं. काळ्या सीटचा बकल तापून चटका देतो, म्हणून सायकल उभी असताना सीटवर पंचा टाकून ठेवा.

डिचोली

निघताना आणि वाटेत काय द्यायचं, त्याबद्दल.

पोट अर्धं भरलेलं असावं. अर्धं केळं किंवा छोटी वाटी तिजन (नाचण्यांची पातळ खीर), आणि त्यानंतर वीस मिनिटं थांबायचं. भरल्या पोटी खड्ड्यांतून गेलं की उलटी ठरलेली. तिजनासाठी २ मोठे चमचे नाचण्यांचं पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. गरम पाण्यात टाकलंत की गुठळ्या होतात आणि मग त्या फुटत नाहीत. वर १ वाटी पाणी घालून मंद आचेवर ८-१० मिनिटं ढवळत शिजवा. कच्चा वास गेला आणि रंग गडद होऊन चकाकी आली की झालं. गूळ थोडासा, शेवटी २ चमचे नारळाचा रस, आणि रस घातल्यावर उकळायचं नाही, फाटतो. १०० ग्रॅम नाचण्यांत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामुळे दूध न पिणाऱ्या पोराला हा मोठाच आधार.

डब्यात पोयी, म्हणजे कोंडा लावलेला गोव्यातला पाव. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की ताजी घ्या, मधून उघडून आत चेचलेलं रसबाळी केळं किंवा घट्ट मुगाचं वरण भरा आणि बोटभर पट्ट्या कापा. कोंड्याचा पापुद्रा कडक असेल तर काढून टाका. कालची पोयी चिवट होते, ती तव्यावर पाणी शिंपडून झाकण ठेवून मऊ करून घ्या.

चालत्या सायकलवर काहीच खायला द्यायचं नाही. घास अडकला तर आपली पाठ त्याच्याकडे असते, कळत नाही. थांबा, खाली बसवा, मग भरवा. अख्खा काजू पाच वर्षांपर्यंत नको, पूड करून पेजेत घाला. द्राक्षं उभी चिरून. रसाळ फणसाचे गरे तर या वयाला नकोतच, धागा गिळला जात नाही. बरक्याच्या प्रेमात असलेल्या आजी-आजोबांना हे जरा समजावून सांगावं लागतं.

मडगाव

मासे खाणाऱ्या घरांसाठी. पहिला मासा मुडदुशी किंवा लेपो. मांस मऊ आणि मधला काटा अख्खा निघतो. तारल्याला केसासारखे बारीक काटे, तो या वयाला टाळा. मोरी (शार्क) आणि फार मोठा इसवण (सुरमई) नको, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

हुमण, म्हणजे माशाची आमटी, सगळ्यांचं एकच करता येतं. नारळाचा रस, हळद, एक भिंडाचं सोल (आमसूल) आणि मासा एवढ्यावर ७-८ मिनिटं शिजवा, पोराचा तुकडा आणि दोन डाव रस बाजूला काढा. मग उरलेल्यात मिरचीचं वाटण आणि तिरफळं घालून पुन्हा उकळा. तिरफळाने पोराची जीभ बधिर होते आणि त्याचं टरफल घशाला लागतं, म्हणून काढून घ्यायचं ते आधीच.

काटे काढायला गडद रंगाची ताटली घ्या. स्टीलच्या ताटात पांढरा काटा दिसतच नाही. मासा कोमट झाला की कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस सुटं करा आणि चिमटीत दाबत पसरा. पोटाकडचा भाग देऊ नका, बारीक काटे तिथेच असतात. पसरलेलं मांस एकदा पुन्हा दाबून बघा. दोन वर्षांच्या पोराला दोन मोठे चमचे मासा पुरतो.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुक्या बांगड्यावर पोराला आणू नका, मिठाचं वर लिहिलेलं आहेच. अंडं आणि मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची नारळ घातलेली भाजी) भरपूर झाल्या.

पेडणे

समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या सायकलीला गंज लवकर धरतो, आणि तो पहिल्यांदा पोराच्या सीटच्या नटांना धरतो. स्टेनलेस स्टीलचे नट लावा आणि आट्यांना ग्रीस. महिन्यातून एकदा सोडून पुन्हा आवळा, नाहीतर गरज पडेल तेव्हा ते सुटणार नाहीत. किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूतून सायकल नेलीत तर घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मग चेनला तेल. खोबरेल तेल नको. ते थंडीत थिजतं आणि वाळू धरून बसतं.

पावसाळ्यात तांबडी माती ब्रेकच्या रबरात रुतते आणि रिम खरवडते. रबर सुईने टोकरून साफ करा, हलका सँडपेपर फिरवा, रिम भांड्यांच्या साबणाने धुवा, तेलाचा हात लागू देऊ नका. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो आणि मागे वजनही असतं, म्हणून उताराच्या आधीच ब्रेक हलके दाबून रिम कोरडी करत चला. धो धो पावसात पोराला नेऊच नये. रेनकोट घालायचा तर शर्टासारखा. लोंबता केप चाकात जातो.

वास्को

पुढच्या पायरीबद्दल थोडक्यात. अडीच वर्षांच्या आसपास पॅडल नसलेली सायकल द्या. सीट इतकी खाली की दोन्ही पावलं पूर्ण टेकून गुडघा किंचित वाकलेला राहील. सायकल ३ ते ४ किलोची हवी. जड असली की पोर दोन दिवसांत टाकून देतं. खांदे धरून ढकलू नका, तोल त्याचा त्यालाच सापडू द्या. देवळाचं फरसबंद आवार यासाठी उत्तम, पण पाऊस पडून गेल्यावर नको.

फोंडा

वर सीटबद्दल आलंय त्यात भर. पट्ट्यांवर घाम, आंब्याचा रस आणि पेज साचून ते कडक होतात आणि पोराच्या मानेला काचतात. आठवड्याला कोमट पाणी आणि अंगाचा साबण लावून मऊ ब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा. ब्लीचने धाग्यांची ताकद जाते. बकल अडकत असेल तर आत वाळू आहे. नळाच्या धारेखाली धरून दहा-बारा वेळा उघडझाप करा. तेल घालू नका, वाळू चिकटून बसते. तरीही 'टक्' आवाज नीट येत नसेल तर पट्टा बदलल्याशिवाय पोराला त्यावर बसवू नका.