मदत हवी आहे: ऊसतोडीत तीन पिल्लं सापडली, आईकडे परत कशी पोचवायची?

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, शुद्धलेखनाचं नंतर बघू.

जुन्नर तालुक्यात आमचा अडीच एकर ऊस आहे. आज सकाळी तोड चालू असताना एका ताईंनी पाचट ओढलं तर खाली तीन पिल्लं. कोणीतरी "बिबट्या!" म्हणून ओरडलं आणि दोन मिनिटांत अख्खी टोळी बांधावर. आमच्याकडे एवढं पुरतं. मी जाऊन पाहिलं तर तळहातावर मावतील एवढीशी, डोळे नुकते किलकिले झालेले. मातकट अंगावर पुसट पट्टे, शेपटीला काळी वळी. भाजीच्या काट्यावर तोलली: २१०, १९० आणि १६५ ग्रॅम. मला ही रानमांजराची वाटतात. बरोबर आहे का?

वाढे (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांच्या चाऱ्यासाठी) न्यायला आलेल्यांची कुत्री फडात फिरत होती, म्हणून पिल्लं टोपलीत घालून घरी आणली. इथंच चुकलं बहुतेक. शिवाय मी फोनवर असताना वहिनींनी मायेपोटी कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजलं. दुपारपासून सर्वांत लहान पिल्लाला जुलाब होतायत.

वनविभागाच्या १९२६ वर कळवलंय, वनरक्षक संध्याकाळी येतायत. तोवर काय करू? माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही म्हणतात, ते खरं का? आणि खरी अडचण पुढंच आहे. अर्धा एकर ऊस अजून उभा आहे, आई असली तर त्यातच असणार. मुकादम म्हणतो उद्या सकाळी तोही आडवा करू. त्याचंही चुकत नाही. नवराबायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक 'कोयता', पैसे तोडलेल्या टनावर, बसून राहिलं तर त्यांचंच नुकसान. शेजारचे अण्णा म्हणतात फड पेटवून द्या, पाचट काढायचं काम वाचेल आणि जनावरही पळेल. टोळीला किती वेळ थांबवू?

पाणकावळा:
दादा, पेटवू अजिबात देऊ नका. त्या अर्ध्या एकरात आणखी एखादं पिल्लू असलं तर ते पळणार कसं?

वर्णनावरून रानमांजरच. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि अंगावर दाट ठिपके असतात. हाताच्या वासाचं मनातून काढा. आई येत नाही ती माणसांच्या गर्दीमुळं, कुत्र्यांमुळं आणि बॅटऱ्यांमुळं.

आता दूध बंद. गार पडलेल्या पिल्लाला तर काहीच पाजायचं नाही, आधी ऊब. बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळा आणि पिल्लांच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे जास्त झालं तर त्यांना सरकता येईल. आंघोळ नको, फोटोसाठी हातोहात फिरवणं नको. जुलाबाचं डॉक्टरांनाच दाखवा, माणसाचं औषध देऊ नका.

अंधार पडायच्या आत वनरक्षकांसोबत पिल्लं सापडली तिथंच ठेवा. कॅरेट असं घ्या की पिल्लांना बाहेर रांगता येणार नाही, पण आईला तोंडात धरून उचलता येईल. बिबट्याचे बछडेही असेच आईकडे पोचवतात. वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली मंडळी तुमच्याच भागात हे वर्षानुवर्षं करतायत. कॅरेट ठेवलं की सगळ्यांनी घरी जायचं. लांबून बॅटरी मारून बघणंसुद्धा नाही.

माळरान_४१:
टोळीला निदान दोन रात्री थांबवा. आई एका वेळी एकच पिल्लू नेते आणि नवी जागाही तिलाच शोधायची असते. टोळीला तोवर दुसऱ्या कोणाच्या फडात पाठवता येतंय का बघा.

धागाकर्ता (दुसऱ्या दिवशी सकाळी):
सगळ्यांचे आभार. मुकादम तयार झाला, टोळी दोन दिवस चुलत्यांच्या फडात गेलीय. जायच्या-यायच्या वेळेची अर्ध्या दिवसाची मजुरी मी देतोय. अण्णांशी मात्र वाजलंच.

वनरक्षकांनी ट्रॅप कॅमेरा लावला होता. आई ११:४० ला आली, कॅरेटभोवती बराच वेळ फिरली आणि एकाला घेऊन गेली. १२:२५ ला दुसरं नेलं. मग पहाटेपर्यंत कोणी नाही. जुलाबवालं तसंच राहिलं, आत्ता वजन १५८ आहे. आज परत ठेवायचं की सरळ पुण्याच्या उपचार केंद्रात पाठवायचं? वनरक्षक म्हणतात डॉक्टरांनी तपासल्यावर ठरवू. ते अकराला येतायत.

पाणकावळा:
डॉक्टर हो म्हणाले तर आजची एक रात्र नक्की द्या. वजन आणखी घटलं किंवा अंग गार लागलं तर रात्रीची वाट न बघता पुणे. आणि तोवर वहिनींना त्या खोलीपासून लांब ठेवा.

धागाकर्ता:
खोलीची किल्ली माझ्या खिशात आहे.