न्यूरोसर्जरीला जाऊ पाहणाऱ्या मुलीला माहिती हवी आहे (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत वाढलेली. सध्या इंटर्नशिप चालू आहे, नीट-पीजी (एमबीबीएसनंतरच्या प्रवेशाची परीक्षा) डोक्यावर आहे आणि मला न्यूरोसर्जरी करायची आहे. "कर की, घाबरतेस काय" म्हणणारे बरेच भेटतात. मला धीर नकोय, माहिती हवीय.

सर्जरीच्या पोस्टिंगला एक सर म्हणाले, "बेटा, डर्मा देखो. न्यूरोसर्जरी में घर नहीं बचता." शेजारी माझ्याच बॅचचा मुलगा उभा होता, त्यालाही न्यूरोसर्जरीच हवीय. त्याच्या घराची चिंता कुणाला पडली नाही. आजीचं आणखी वेगळं: माणसांची डोकी उघडणाऱ्या मुलीला स्थळं कुठून आणायची?

डॉ. टी. एस. कनका मद्रासला न्यूरोसर्जरीत एमसीएच (एमएसच्या वरची पदवी) झाल्या १९६८ साली. आपल्या देशातल्या या पहिल्या महिला न्यूरोसर्जन. माझी आईसुद्धा तेव्हा जन्मलेली नव्हती. आणि आज मला चार गोष्टी विचारायला ओळखीपाळखीत एक बाई न्यूरोसर्जन सापडेना.

ताकदीचं कारण मला पटत नाही. मायक्रोस्कोपखाली तासन् तास हात स्थिर ठेवायचा असतो, कुस्ती थोडीच खेळायचीय! अडचणी भलत्याच असतात. ऑपरेशन थिएटरात मी ६ नंबरचे ग्लोव्ह्ज मागितले, तर सिस्टरनी साडेसहाचं पाकीट दिलं. त्याखालचा साइज मागवतच नाहीत म्हणे. बोटांच्या टोकाशी रबराची चुणी राहते आणि गाठ मारताना नेमकी तीच दोऱ्यात अडकते. एक्स-रेपासून वाचवणारे शिशाचे लेड एप्रन सगळे दांडग्या पुरुषांच्या मापाचे.

तर प्रश्न असे. एमबीबीएसनंतरचा थेट ६ वर्षांचा कोर्स घ्यावा (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी पदवी, किंवा आयएनआय-सेट या वेगळ्या प्रवेश परीक्षेतून एम्ससारखी संस्था), की आधी एमएस (जनरल सर्जरी) आणि मग नीट-एसएस ही पुढची प्रवेश परीक्षा देऊन एमसीएच? आणि एखादा विभाग मुलींना नीट शिकवतो की नुसतं वॉर्डात राबवतो, हे प्रवेशाआधी कसं ओळखायचं? गरोदरपणात सी-आर्मच्या (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) केसेसचं काय करतात?

निशाचर: न्यूरोसर्जरीतच आहे, शेवटचं वर्ष. तू म्हणते, चालेल ना? दोन्ही वाटांनी वर्षं सहाच. थेट कोर्सला नीट-एसएस द्यावी लागत नाही, पण मधेच सोडलंस तर हाती एमएस नसते. तुझं नक्की असेल तर थेट घे.

विभागाचं विचारशील तर विभागप्रमुखांना विचारू नकोस, तिथल्या रेसिडेंट मुलींना गाठ. एकही मुलगी नसेल तर मागच्या काही वर्षांत कुणी सोडून गेली का, ते काढ. रेसिडेंट्सचं लॉगबुक (कुणी कोणत्या केसेस केल्या त्याची नोंदवही) बघायला माग. तिसऱ्या वर्षाच्या मुलाच्या नावावर क्रॅनिओटॉमी (कवटी उघडून केलेली शस्त्रक्रिया) आणि त्याच वर्षाच्या मुलीच्या नावावर नुसते ड्रेसिंग आणि डिस्चार्ज असतील, तर समजून जा. रात्री झोपायला वेगळी ड्यूटी रूम आहे का, कडी लागते का, तेही विचार. लाजू नकोस.

बाळंतपणाची रजा मिळते, पण ट्रेनिंग तेवढं पुढे सरकतं, कधी परीक्षेची बॅचही चुकते. गरोदर असल्याचं लेखी कळव. त्यानंतर गर्भाला किरणांचा १ मिलिसिव्हर्टपेक्षा (डोसचं माप) जास्त डोस जाता कामा नये, असा एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळ) नियम आहे. टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला) एप्रनच्या आत लावायचा. मणक्याच्या केसेस तेवढे महिने बदलून घेता येतात. मेंदूच्या बहुतेक केसेसना सी-आर्म लागत नाही.

मावळ्या: एमडी मेडिसिन करून डीएम न्यूरोलॉजी का नाही? मेंदू तोच, बाया पण जास्त दिसतात.

धागाकर्ती: मावळ्या, न्यूरोलॉजी छानच आहे हो, पण मला हातांनी करायचंय. बाया जिथे आधीच दिसतात तिथेच सगळ्या गेल्या, तर इकडे कधी दिसणार?

निशाचरताई, लॉगबुकचं सुचलंच नव्हतं. आता सांगा, आपल्या मापाचा लेड एप्रन स्वतः विकत घेतला तर विभाग वापरू देतो का? आणि पदरचे साधारण किती पैसे जातात?