हलत नाही ते सगळं एकाच मेशमध्ये ओतावं का?

तापीकाठ (रावेर): थ्री.जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये थ्रीडी दृश्यं दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) एक एकर केळीबाग उभी केली. पाच बाय पाच फुटांची लागवड, म्हणजे १,७४२ झाडं. प्रत्येक झाड वेगळा मेश (त्रिकोणांनी बनलेला थ्रीडी आकार) होता, म्हणून दर फ्रेमला जवळपास तेवढेच ड्रॉ कॉल ("हे काढ" असा ग्राफिक्स चिपला दिलेला एकेक हुकूम). साध्या मोबाइलवर बाग फिरवली की अडकायची. मग प्रत्येक झाडाची जागा त्याच्या व्हर्टेक्समध्येच (त्रिकोणांच्या कोपऱ्यांचे बिंदू) उतरवली आणि मर्जजिऑमेट्रीज या फंक्शनने सगळी एका मेशमध्ये ओतली. आता कॉल एकच. माझं ठाम मत, जे हलत नाही ते मर्ज करायचंच.

सातपुडा_पायथा: भाऊ, कॉल वाचले, पण मेमरी बघा. झाडाला ३०० व्हर्टेक्स धरले तर ५,२२,६०० झाले. जागा, नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) आणि यूव्ही (चित्राचा कोणता भाग तिथे चिकटवायचा ते) मिळून एका व्हर्टेक्सला ३२ बाइट, म्हणजे जवळपास १७ एमबी, तेही एका एकराला! इन्स्टन्स्डमेशमध्ये (एकाच आकाराच्या अनेक प्रती काढणारा मेश) झाड एकदाच साठतं, दहा केबीच्या आत. वर दर झाडाला ६४ बाइटचं मॅट्रिक्स (जागा, वळण आणि मोठेपणा सांगणारे आकडे), सगळ्यांचं मिळून सव्वा लाख बाइटसुद्धा नाही. कॉल तिथेही एकच.

तापीकाठ: पण झाडं सारखी नसतात ना! एकाचं पान वाऱ्याने फाटलेलं, एकाच्या बुडाशी पिलं, एक निसवलेलं. छापल्यासारखी बाग माझे वडील केळी म्हणून मानणार नाहीत.

सातपुडा_पायथा: चार नमुने करा, चार कॉल होतील. उंची आणि वळण मॅट्रिक्समधूनच बदलतं. मला खरी अडचण वेगळी दिसते. शेतकरी झाडावर बोट ठेवून म्हणणार, "याला करपा आलाय." इन्स्टन्समध्ये रेकास्टर (बोटाखाली काय आहे ते शोधणारं साधन) झाडाचा क्रमांकच हातात देतो, रंगही त्या एकाच झाडाचा बदलता येतो. मर्जमध्ये नुसता त्रिकोणाचा क्रमांक मिळतो. तो कोणत्या झाडाचा, हा हिशोब तुम्हीच ठेवायचा आणि ३०० व्हर्टेक्सचे रंग पुन्हा लिहायचे.

ठिबक_यावल: मर्ज करणाऱ्यांनी अ‍ॅट्रिब्यूट (दर व्हर्टेक्सची माहिती: जागा, नॉर्मल, यूव्ही) आधी तपासा. सगळ्यांचे सारखे हवेत, आणि इंडेक्स (कोणते व्हर्टेक्स जोडून त्रिकोण होतो ती यादी) असला तर सगळ्यांना, नसला तर कुणालाच नाही. एका तुकड्याला यूव्ही नव्हता आणि हातात नल (null, म्हणजे काहीच नाही) आलं. माझे दोन दिवस त्यातच गेले.

तापीकाठ: करप्याचं पटलं. झाडं इन्स्टन्सवर नेतो. पण शेड, विहिरीचा कठडा, मोटर, फाटक? प्रत्येक आकार एकेकदाच येतो, तिथे इन्स्टन्सचा फायदा काय? मटेरियल (पृष्ठभागाचा रंग-पोत) एकच ठेवलंय, त्यामुळे ते मर्जच राहील.

सातपुडा_पायथा: त्यासाठी बॅच्डमेश आहे. आकार वेगवेगळे, मटेरियल एक, आणि फाटक हवं तेव्हा लपवताही येतं.

तापीकाठ: त्याला मल्टी-ड्रॉ एक्स्टेन्शन (अनेक आकार एकाच कॉलमध्ये काढू देणारी ब्राउझरमधली जादा सोय) लागतं. ते नसलं की आतून पुन्हा एकेक कॉलच जातो. आमच्याकडचे जुने मोबाइल धरून चालायचं तर शेड मी मर्जच करणार.