म्हणे हिरोडोटसच्या थापा!

रानवाट:
काल फेझान, म्हणजे लिबियाच्या नैऋत्येचं वाळवंट, तिथल्या गारामांत या प्राचीन लोकांच्या 'हरवलेल्या संस्कृती'वरच्या धाग्यात वाळवंटी यांनी ठोकून दिलं: "गारामांतांबद्दल ग्रीक-रोमनांनी लिहिलं त्या सगळ्या थापा. खरं काय ते फावड्याने आणि सॅटेलाइटने सांगितलं." तिथेच उत्तर लिहायला बसलो, आवरेना, म्हणून वेगळा धागा.

अहो, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचं चौथं पुस्तक एकदा उघडून तरी बघा. औजिला या मरूद्यानापासून दहा दिवसांच्या वाटेवर मिठाची टेकडी, पाणी, खजुरीची झाडं, आणि लोक मिठावर माती पसरून पेरणी करतात, असं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला माणूस ऐकीव माहितीवर लिहितो. फेझानमधल्या वाडी अल-अजाल या खोऱ्यात जमिनीवर मिठाची पापडी आजही धरते. तिथल्याच झिंकेक्राच्या टेकडीवर खोदलं तेव्हा गहू, जव, खजूर, द्राक्षं, अंजीर निघाले. तो लिहितो ते गारामांतांचे रथ म्हणाल तर सहारातल्या कातळांवर चितारलेत. याला थापा म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही, फक्त अशा थापा मारणारा दुसरा दाखवा.

वाळवंटी:
सोयीचं तेवढं उचललंत. त्याच उताऱ्यात गारामांतांचे बैल मागे-मागे सरकत चरतात, कारण शिंगं पुढे वाकलेली, जमिनीत रुततात! हे गाळलंत ते बरं केलंत. आणि कातळावरचे रथ बहुतेक दोन घोड्यांचे, हिरोडोटसचे चार घोड्यांचे. शिवाय १७४व्या परिच्छेदात हेच लोक माणसांना टाळतात, त्यांच्याकडे शस्त्रंच नाहीत. १८३मध्ये रथात बसून गुहेत राहणाऱ्यांची शिकार करतात. मधल्या आठ परिच्छेदांत शस्त्रं आली कुठून? रोमन लेखक प्लिनीबद्दल तर बोलायलाच नको. गारामांत लग्न करत नाहीत म्हणतो, आणि त्याच पाचव्या खंडात ब्लेमी लोकांना डोकं नसतं, तोंड-डोळे छातीवर.

रानवाट:
१७४मधलं नाव हस्तलिखित उतरवणाऱ्याने घोटाळून लिहिलं असावं, हा मुद्दा जुना आहे. प्लिनी तेच वर्णन गाम्फासांत नावाच्या दुसऱ्याच लोकांचं म्हणून देतो. पण तुम्हाला प्लिनी चालत नाही ना!

खडूस_काका:
दोघेही मूळ गोष्ट सोडून भांडताय. 'हरवलेली संस्कृती' हे आधी बंद करा. हरवली कुणासाठी? इसवी सन ५६९मध्ये हेच लोक बायझंटाइनांशी, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याशी, तह करतात, ख्रिस्ती होतात. पुढच्या शतकात अरब फौज जरमाला, त्यांच्या राजधानीला, पोचते तेव्हा तिथे वस्ती असते. दुसरं, ज्यावर हे राज्य उभं होतं ते फोग्गारे, म्हणजे पाणी आणणारे भूमिगत कालवे, सहाशेहून जास्त. एकाही प्राचीन लेखकाने त्यांचा उल्लेख केलेला नाही. जमिनीखालून मैलोगणती बोगदे, वर ओळीने खोदलेले झरोके, काही झरोके चाळीस मीटर खोल. हे कुणाला दिसलं नाही? बैलाची शिंगं मात्र दिसली.

रानवाट:
काका, हिरोडोटसच्या काळात फोग्गारे सुरू झाले होते की नाही यावरच वाद आहे. नसलेलं तो कसं लिहील?

खडूस_काका:
आणि रोमन? इ.स.पू. १९मध्ये बाल्बस या सेनापतीने गारामा, म्हणजे तेच जरमा, जिंकल्याची मिरवणूक रोमला निघाली. जिंकलेल्या गावांची यादी प्लिनीने जपून ठेवली, फोग्गाऱ्यांचं एक अक्षर नाही. ते बोगदे खणले कुणी, तेही विचारा. गुहावासीयांची 'शिकार' म्हणजे गुलाम पकडणं, दुसरं काय.

पाणचक्की_वाला:
अवांतर, पण राहवत नाही. फोग्गारा म्हणजे आमची औरंगाबादची नहर-ए-अंबरीच की! मलिक अंबरने सतराव्या शतकात केली. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडाराही तसलाच. लहानपणी आमच्या गल्लीत नहरीचा एक बंब, म्हणजे मनोरा होता, विटांचा, शेवाळलेला. कान लावला की आत पाणी वाहताना ऐकू यायचं. आता त्यावर कुणीतरी टपरी टाकलीय. लिबियाचं कौतुक करताय, घरची नहर बुजली त्यावर एक धागा नाही.

जालनेकर:
तुलना चुकली. आपल्याकडे दर पावसाळ्यात भूजल भरतं, निदान भरायला हवं. फेझानचं पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या काळातलं, वर पाऊस जवळपास शून्य. उपसलं की गेलं. फोग्गाऱ्यात पाणी उताराने येतं, उचलता येत नाही. पातळी बोगद्याखाली गेली की बोगदा कोरडा. आमच्या मामांची मोसंबी २०१२-१३च्या दुष्काळात गेली. बोअरवर बोअर घेतले, शेवटच्यातून नुसता फुफाटा. टँकरने बाग जगवली, कर्ज झालं, मग स्वतःच जेसीबी लावून झाडं उपटली. सरपण म्हणून विकली ती. त्यामुळे हिरोडोटस खरा की खोटा याने मला काडीचा फरक पडत नाही.

वाळवंटी:
मराठवाड्यात बोअर कुणी जबरदस्तीने घ्यायला लावले?

जालनेकर:
शहरात बसून नळ सोडणाऱ्याने हे विचारू नये.

पाणचक्की_वाला:
+१. आणि गद्दाफीने १९८४पासून तेच केलं की. खोल विहिरी, प्रचंड पाइप, वाळवंटाखालचं पाणी थेट किनाऱ्यावर. तेव्हा सगळे वाहवा करत होते.

रानवाट:
मंडळी, धागा गारामांतांचा आहे!

वाळवंटी:
बरं, तुमच्या समाधानासाठी एक देतो. प्लिनी म्हणतो, गारामांतांकडे जायची वाट काढता येत नव्हती, कारण तिथले लुटारू विहिरी वाळूने बुजवत. जागा माहीत असली की पाणी फार खोल नसे. हे पटतं, कारण फौजेकडून ऐकल्यासारखं आहे. म्हणजे रोमनांना ज्याचा त्रास झाला ते खरं लिहिलं. बाकी रोमन इतिहासकार टॅसिटस गारामांतांना 'आवरता न येणारे, शेजाऱ्यांना लुटण्यात तरबेज' म्हणतो, आणि त्याच काळात जरमात रोमन काच, तेलाचे रांजण, रोमन धाटणीची थडगी! लुटारूंशी इतका व्यापार? आता म्हणा, फावडं थापा मारतं.

रानवाट:
आभारी आहे. 'सगळ्या थापा'वरून 'त्रास झाला ते खरं' इथवर आलात. दोन दिवसांत बैलही मान्य कराल.

वाळवंटी:
बैल नाही!

जालनेकर:
मोसंबीसाठी वेगळा धागा काढतोय. टॅसिटसवाल्यांनी तिकडे फिरकू नये, पाणचक्कीवाले आणि बोअरवाले या.