मदत हवी आहे: जळगावात मशीन बसवताना कोरियन दुभाषी कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी,

जळगाव एमआयडीसीत आमचा प्लॅस्टिक चटईचा छोटा कारखाना आहे. नळी ओढायचं एक वापरलेलं एक्स्ट्रुडर मशीन कोरियाहून घेतलंय. पुढच्या महिन्यात तिकडचे इंजिनिअर सहा दिवसांसाठी येणार आहेत. त्यांचं इंग्रजी जेमतेम आणि आम्हाला कोरियनचा गंधही नाही.

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर ओळखीतली एक मुलगी मदतीला बसली. मालिका बघून भाषा शिकलीय, फार गुणी पोर. पण कंट्रोल पॅनेलच्या कार्डाचा भाव ८ लाख वॉन असताना तिने ८० हजार सांगितला. कोरियनमध्ये मोठे आकडे दहा हजारांच्या गठ्ठ्यात मोजतात, त्या गठ्ठ्याला 'मान' म्हणतात. समोरचा 'पालसिप मान' म्हणाला, म्हणजे ८० वेळा दहा हजार. तिने मानला हजार धरलं. कोटेशन हातात आल्यावर चूक कळली. भावाचं निस्तरता येतं, प्लॅस्टिक वितळतं त्या बॅरलच्या तापमानात अशी गफलत झाली तर काय करणार?

म्हणून या कामातला पक्का माणूस हवाय. १४० पानांचं मॅन्युअल हिंदीत किंवा मराठीत करून घ्यायचंय, ते वेगळ्या अनुवादकाने केलं तरी चालेल. खरी अडचण मशीनपाशी आहे. आमचे फिटर काका २२ वर्षं या कामात आहेत, बोलतात अहिराणीत. त्यांच्या शंका इंजिनिअरपर्यंत जशाच्या तशा पोचल्या पाहिजेत. सहा दिवसांनी पाहुणे जातील, मशीन काकांनाच चालवायचंय.

पुण्याहून कुणी येईल का? मानधन रोजावर ठरवतात की तासावर? महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट, राहणं, जेवण आमच्याकडे.

उत्तर:

भाऊ, पुण्यातच शोधा. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, त्यामुळे कारखान्यात उभं राहून काम केलेले दुभाषी तिथे सापडतात. मी भुसावळचा, पुण्यात अशाच एका कंपनीत खरेदी विभागात आहे. आमच्याकडे येणारे दुभाषी रोजावर पैसे घेतात आणि प्रवासाचा दिवसही धरतात, ते आधीच बोलून घ्या.

टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या सहा पातळ्या असतात. पाचवी-सहावी विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या नेहमीच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन तपासतात; बोलण्याची परीक्षा वेगळी असते. फोनवर अर्धा तास बोला आणि मशीनचा एखादा बिघाड समजावून सांगायला लावा.

डाय, स्क्रू, बॅरल, हीटर असे शब्द फोटोंसह आधीच पाठवा. मशीनशेजारी फळा ठेवा, प्रत्येक आकडा इंजिनिअरनेच त्यावर लिहायचा. आणि अहिराणी दुभाष्याला कळणार नाही. काकांचं बोलणं मराठीत सांगायला तुम्ही स्वतः सहाही दिवस शेजारी उभे राहा.

आमच्याकडे येणाऱ्या दोघी दुभाषींचे नंबर त्यांना विचारून व्यक्तिगत निरोपात पाठवतो. तारखा कळवा.