मदत हवी आहे: कावीचा तांबडा रंग तीन फोल्डरांत तीन तऱ्हेचा येतोय (इमेजमॅजिक)

नमस्कार मंडळी,

कीबोर्डची इंग्रजी बाजू आज रुसली आहे, म्हणून आज्ञाही देवनागरीतच लिहिते. समजून घ्या.

मी गोव्यातल्या साखळीची, हायस्कुलात मराठी शिकवते. आमच्या देवस्थानाची स्मरणिका निघतेय आणि तिच्यातला मुख्य ऐवज म्हणजे कावी चित्रांचे फोटो. ज्यांनी कावी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात. सगळ्या चित्रात रंग दोनच, तांबडा आणि पांढरा. त्यातला एक बिघडला की उरतं काय?

फोटो लहान करायला भाच्याने २०११ साली इमेजमॅजिकची (लिखित आज्ञांवर फोटो बदलणारा प्रोग्राम) एक स्क्रिप्ट लिहून दिली होती. तो आता परदेशात असतो. "मावशी, बघतो" म्हणाला त्याला तीन आठवडे झाले.

पहिला फोल्डर आयफोनवर काढलेल्या फोटोंचा. आज्ञा अशी:

कन्व्हर्ट आत.जेपीजी -स्ट्रिप -रीसाइझ १६०० -क्वालिटी ८५ बाहेर.जेपीजी

यात तांबडा विटतो. भिंतीवर तो पावसात भिजलेल्या जांभ्या चिऱ्यासारखा आहे, पडद्यावर मे महिन्यातल्या सुक्या चिऱ्यासारखा दिसतो. शिवाय काही फोटो आडवे पडतात.

दुसरा फोल्डर कॅमेऱ्याच्या फोटोंचा. त्यांच्यासाठी स्क्रिप्टमध्ये "-कलरस्पेस आरजीबी" (रंगाचं माप सांगणारं) असं जास्तीचं आहे. हे फोटो काळवंडतात, गाभाऱ्यात समई लावायची राहून गेल्यासारखे. गंमत म्हणजे जुन्या लॅपटॉपवर (तो गेल्या पावसाळ्यात वारला) हीच स्क्रिप्ट, हाच कॅमेरा, आणि काही तक्रार नव्हती.

तिसऱ्यात मागच्या स्मरणिकेच्या फाइली, छापखान्याकडून मिळालेल्या. त्या सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या मापातल्या) आहेत म्हणून मी "-कलरस्पेस एसआरजीबी" (पडद्याचं नेहमीचं माप) लावलं. तांबडा इतका झगझगीत झाला की जत्रेतल्या फुगेवाल्याची आठवण यावी.

केलेले उपाय: इमेजमॅजिक पुन्हा टाकून पाहिलं (आवृत्ती ७, कन्व्हर्ट जुनं झालं, मॅजिक वापरा असा इशारा दर वेळी येतो, पण काम होतं). पहिल्या फोल्डराला "-मॉड्युलेट १००,१३०" देऊन रंग चढवला. काव जरा बरी दिसली, पण भटजींचे चेहरे केशरी झाले. आता मॉनिटरच बिघडलाय की काय अशी शंका आहे. नवा घेऊ का?

प्रतिसाद

ताई, मॉनिटरचे पैसे वाचवा. प्रत्येक फोल्डरातली एक मूळ फाइल घ्या, "आयडेंटिफाय -व्हर्बोज" चालवा. भलीमोठी यादी येईल, त्यातली कलरस्पेसची ओळ आणि आयसीसी प्रोफाइलचं (फाइलीतल्या रंगांचं माप सांगणाऱ्या नोंदीचं) नाव एवढंच इथे द्या.

आणि मूळ फाइली शाबूत आहेत ना? स्क्रिप्टमध्ये कुठे मॉग्रिफाय (इमेजमॅजिकचीच दुसरी आज्ञा) असेल तर तो मूळ फाइलीवरच लिहून मोकळा होतो.

धागाकर्ती

मॉग्रिफाय नाही. मूळ फाइली पेनड्राइव्हवरही आहेत.

पहिला: कलरस्पेस एसआरजीबी, प्रोफाइल डिस्प्ले पी३.
दुसरा: कलरस्पेस एसआरजीबी, प्रोफाइलही एसआरजीबी.
तिसरा: कलरस्पेस सीएमवायके, प्रोफाइल फोग्रा ३९चं (छपाईचं एक माप).

पहिल्या दोन्हींत एसआरजीबीच लिहिलंय. मग एक विटतो आणि एक काळवंडतो, असं का?

प्रतिसाद

तीन वेगळे आजार आहेत, तुम्ही एकच औषध शोधताय. एकेक घेऊ.

फाइलीत रंग नसतो, आकडे असतात. ते आकडे कुठल्या मापाचे हे प्रोफाइल सांगतं. समजा चिठ्ठीवर "५ पायली" लिहिलंय. तुम्ही "पायली" खोडलंत, ५ तसाच ठेवलात. वाचणारा नाव नाही म्हटल्यावर आपल्या सवयीचे ५ शेर धरतो. भात चौथ्या हिश्शावर आलं, चिठ्ठीवरचा आकडा मात्र जागच्या जागी! -स्ट्रिप नेमकं हेच करतं. फोनचे आकडे डिस्प्ले पी३चे, त्याची रंगांची व्याप्ती एसआरजीबीपेक्षा मोठी. प्रोफाइल पुसलं की ब्राउझर तेच आकडे एसआरजीबीचे समजून वाचतो आणि रंग फिका पडतो. आयडेंटिफायच्या कलरस्पेस ओळीवर इथे विसंबू नका, ती पी३ फाइलीलाही एसआरजीबीच म्हणते. खरं माप प्रोफाइलच्या नावात.

आडव्या फोटोंचा गुन्हेगारही तोच. फोन उभा धरला होता की आडवा ही नोंद एक्झिफमध्ये (फोटोबरोबर साठवलेल्या माहितीत) असते, ती स्ट्रिपबरोबर गेली. म्हणून आधी माप बदला, फोटो उभा करा, पुसायचं ते शेवटी पुसा:

मॅजिक आत.जेपीजी -ऑटो-ओरिएंट -प्रोफाइल एसआरजीबी.आयसीसी -रीसाइझ १६०० -स्ट्रिप -क्वालिटी ९० बाहेर.जेपीजी

इमेजमॅजिक आज्ञा डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने लिहिल्या त्या क्रमाने पाळतं. नैवेद्य दाखवायच्या आधी पान उचललं तर जे होईल ते तुमच्या स्क्रिप्टमध्ये झालंय. मॉड्युलेट काढून टाका. ते सगळेच रंग सरसकट चढवतं, भटजींचे गालही.

दुसऱ्या फोल्डराचं कोडं तुम्हीच अर्धं सोडवलंय, जुन्या लॅपटॉपच्या उल्लेखाने. जुन्या आवृत्त्यांत "आरजीबी" म्हणजे आपलं नेहमीचंच, आजचं एसआरजीबी. २०१२च्या सुमारास इमेजमॅजिकवाल्यांनी ही नावं दुरुस्त केली. तेव्हापासून "आरजीबी" म्हणजे लिनिअर, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणातले आकडे. गणितासाठी ते उत्तम, पण तसेच जेपीजीत गेले आणि बघणाऱ्याने एसआरजीबी समजून दाखवले की मधल्या छटा काळ्याकडे झुकतात. भाच्याचा दोष नाही, २०११ साली त्याने लिहिलं ते तेव्हा बरोबर होतं. "-कलरस्पेस आरजीबी" हे दोन्ही शब्द काढून टाका, त्यांच्या जागी काहीही घालू नका.

तिसरं. -कलरस्पेस नुसतं सूत्र लावतं. फोग्रा ३९ची निळी, किरमिजी शाई कागदावर नेमकी कशी दिसते हे त्याला ठाऊक नसतं, ते आदर्श शाई धरून हिशेब करतं. म्हणून फुगे. तुमच्या फाइलीत प्रोफाइल आहे, तेव्हा एकच पुरे:

मॅजिक जुनी.जेपीजी -इंटेंट रिलेटिव्ह -ब्लॅक-पॉइंट-कॉम्पेन्सेशन -प्रोफाइल एसआरजीबी.आयसीसी नवी.जेपीजी

प्रोफाइल नसलेली सीएमवायके फाइल भेटली तर दोनदा -प्रोफाइल द्यायचं, आधी ती ज्या मापाची असेल ते, मग एसआरजीबी. पहिल्याने नाव चिकटतं, दुसऱ्याने रूपांतर होतं.

प्रतिसाद

मी म्हापशात ऑफसेटवर काम करतो. वरचं सगळं बरोबर, पण ताई, १६०० पिक्सेलचे फोटो छापायला देणार आहात का? ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते जेमतेम साडेतेरा सेंटीमीटर भरतात. ए४ पानभर फोटो हवा तर रुंदी २४८० पिक्सेल लागते. व्हॉट्सॅपसाठी लहान करा, छापायला मूळ मापाचे द्या.

दुसरं, स्वतः सीएमवायके करत बसू नका. आधी कागद ठरवा. आर्ट पेपर असेल तर फोग्रा ३९ चालतं, मॅपलिथोसारख्या बिनचकाकीच्या कागदाला फोग्रा ४७. मॅपलिथो शाई पितो, त्यावर काव थोडी बसणारच, कुठल्याही आज्ञेने ती उठणार नाही. छापखान्याला त्यांचं प्रोफाइल विचारा. नाही म्हणाले तर प्रोफाइल न पुसलेल्या आरजीबी (म्हणजे सीएमवायके न केलेल्या) फाइली द्या आणि प्रूफ मागा. प्रूफ घेऊन देवळात जा, दिवसाउजेडी भिंतीला लावून बघा. ट्यूबलाइटखाली बघून सही करू नका, आमच्याकडची अर्धी भांडणं त्यातूनच होतात.

प्रतिसाद

विंडोजवर हे करणाऱ्या कुणासाठी: तिथे नुसतं कन्व्हर्ट लिहू नका. विंडोजची त्याच नावाची स्वतःची आज्ञा आहे, ती डिस्क फॅटची एनटीएफएस करते, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत बदलते. चित्र बदलायला जाल आणि ती तुमची आज्ञाच चुकीची ठरवील. मॅजिकच लिहा.

धागाकर्ती

देव बरें करूं सगळ्यांचं.

काल रात्री दिवे गेले, म्हणून आज सकाळी बसले. पहिला फोल्डर: काव भिजली, फोटो उभे राहिले, भटजी माणसांत आले. दुसऱ्यातून ते दोन शब्द काढले आणि समई पेटली. तिसऱ्यात फुगे गेले, पण दोन फाइली अजून हट्टी आहेत, त्यांच्यात प्रोफाइलच नाही. फोग्रा ३९ धरून केल्या तर जरा तपकिरी दिसतात. त्या वेळी आतली पानं मॅपलिथोवर होती असं आठवतंय, तेव्हा ४७ धरून बघते.

कागद या वेळी आर्ट पेपर ठरलाय. छापखान्याने प्रोफाइल विचारल्यावर "फाइल पाठवा, आम्ही करतो" असं सांगितलं, म्हणून आरजीबी देऊन प्रूफ मागितलंय. बुधवारी मिळेल. भिंतीला लावून बघते आणि इथे कळवते. भाच्यालाही दुवा पाठवलाय. त्याचं उत्तर मात्र पाच मिनिटांत आलं: "मी म्हटलं नव्हतं, स्क्रिप्टमध्ये चूक नाही?"